चार अक्षरं

मामेभावाच्या पंच्याहत्तरीची पंगत होती. वाढायला घरचीच माणसं. उत्सवमूर्ती अण्णा स्वतः मठ्ठ्याची बादली घेऊन फिरत होता. माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "मंदे, वाटी पुढे कर." मी वाटी पुढे केली आणि म्हटलं, "अण्णा, आता मंदाकिनी म्हणत जा ना." पळी बादलीतच थांबली. "पूर्ण नाव? हे काय मतदान केंद्र आहे?" सगळी पंगत हसली. मीही हसले. मला उत्तरं नेहमी परतीच्या एसटीत सुचतात, आणि तोवर समोरचा वामकुक्षीला गेलेला असतो.

अण्णा तेवढ्यावर थांबला नाही. जेवणं झाल्यावर पानाचा डबा पुढ्यात घेऊन त्यानं माझं म्हणणं चांगलं तासभर सोललं. प्रेमाचं माणूस नाव आखडूनच घेतं, म्हणाला. साक्षात विठोबाला विठ्या म्हणणारी आपली भाषा, तिथे तू कोण? टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, जगानं बाळ म्हटलं, काय बिघडलं? पुलंना कुणी पुरुषोत्तम म्हणतं का? पूर्ण नाव आई घेते ते रागावली की. आणि साठ-पासष्ट वर्षं मंदी चालली, ती आजच का टोचायला लागली? अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला. पाणी कुठे कसं अडवायचं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. हा लेख म्हणजे सांडवा समजा.

आज का, हे आधी. टोचत पहिल्यापासूनच होतं. मी जन्मले त्या वर्षी आजोबा केदारनाथ करून आले होते. केदारच्या वरच्या हिमनदीतून निघून रुद्रप्रयागला अलकनंदेला मिळणारी मंदाकिनी त्यांनी पाहिली होती, आणि घरात मुलगी झाली म्हटल्यावर दुसरं नाव त्यांच्या मनात आलंच नाही. बाराव्या दिवशी आत्यानं कानात कुर्र करून सांगितलं ते मंदाकिनी. मंदी असं कुणी कानात सांगितल्याचं ऐकिवात नाही. मंदाकिनी म्हणजे संथ वाहणारी, आणि पुराणांतली स्वर्गातली गंगाही तीच. (संथ हा अर्थ २०१३च्या जूनमध्ये नदीनं स्वतःच खोडून काढला, ते वेगळं.) त्या चार अक्षरांतली शेवटची दोन छाटली की उरतं 'मंदा', आणि शाळेत मराठीचे तास सुरू झाल्यावर पोरांना मंद या शब्दाचा दुसरा अर्थ कळायला फार वेळ लागत नाही. गणिताचा पेपर मिळाला की मागच्या बाकावरून ठरलेला विनोद यायचा. 'मंदी' झाल्यावर तर बाजारभावच पडला. नाव कापलं की ते नुसतं आखूड होतं असं नाही, कधी कधी त्यातून भलताच शब्द निघतो. अण्णाचं पाळण्यातलं नाव पुरुषोत्तम. त्या दिवशी मी पंगतीत "काय रे पुऱ्या" म्हटलं असतं, तर भाचा परात घेऊन धावत आला असता.

पण त्याला पुऱ्या कुणी म्हणत नाही. लहानपणी म्हणत असतील. मिसरूड फुटलं आणि तो अण्णा झाला. इथे मला त्याच्या मूळ मुद्द्यात भोक दिसतं. आपल्याकडे टोपणनावांच्या दोन वाटा आहेत, एक चढणीची आणि एक उताराची. अण्णा, आप्पा, नाना, आबा, भाऊ, दादा ही चढणीची. नाव दोन अक्षरांचं होतं, पण माणूस एक पायरी वर जातो. पुढे 'साहेब' लागला की आणखी एक. आणि पक्या, दिल्या, संज्या, गण्या, सुमे, कुंदे, मंदे ही उताराची. ('तात्या'च्या शेवटी 'या' असूनही तो चढणीला आहे, हे मान्य. व्याकरणात एखादा तात्या असतोच.) चढणीच्या वाटेवर पुरुषांची गर्दी जास्त. बायकांना ताई, माई, अक्का मिळतात, पण बहुतेकींना ते मिळतात मुलांची आई किंवा कुणाची तरी काकू झाल्यावर. अण्णा मला प्रेमानं मंदी म्हणतो हे मला मान्यच आहे. मी त्याला प्रेमानं काय म्हणू शकते ते त्यानं सांगावं.

पुलंचं उदाहरण तर त्याच्याच अंगावर येतं. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांनी स्वतः आपली आद्याक्षरं लिहिली, ती लोकांनी उचलली, आणि उचलताना पुढे क्रियापद लावलं ते आदरार्थी. पुलं आले, पुलं म्हणाले. पुल आला असं म्हणणारा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. गदिमांचंही तेच. नावातली अक्षरं किती उरली यापेक्षा पुढचं क्रियापद काय येतं ते बघायचं असतं. टिळकांचंही तसंच. घरातलं बाळ हे नाव त्यांनी आयुष्यभर सहीत ठेवलं, तो त्यांचा निर्णय. शेजाऱ्यानं परस्पर ठरवून दिलेलं ते नाव नव्हतं. वर पुन्हा लोकांनी त्याला बळवंतराव केलं आणि लोकमान्य केलं, ते निराळं.

आता विठोबा. या मुद्द्यावर अण्णा पान चघळत थांबला होता, कारण पंढरपूरचा दाखला दिला की मराठी माणूस गप्प बसतो हे त्याला ठाऊक. जनाबाई विठ्ठलाला विठ्या म्हणते, खरंच म्हणते, आणि पुढे शिव्याही घालते. पण जनी कोण आणि विठ्ठल कोण? ती दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करणारी दासी, तो जगाचा मालक. खालच्या पायरीवरून वर फेकलेला तो 'या' आहे. तो फेकायला छाती लागते आणि झेलायला देव लागतो. आणि स्वतःचं नाव लहान करणं हा संतांचा स्वतःपुरता व्यवहार. तुकारामांनी अभंगात स्वतःला तुका म्हटलं, नामदेवांनी नामा, चोखामेळ्यांनी चोखा. आपण मात्र बोलताना तुकोबा म्हणतो, तुकाराम महाराज म्हणतो. त्यांनी आपलं नाव खाली ठेवलं आणि लोकांनी ते उचलून वर ठेवलं. अण्णा यातलं पहिलं अर्धं सांगतो आणि दुसरं अर्धं पानाबरोबर गिळतो.

वरून खाली टाकलेला 'या' कसा असतो, ते मी नोकरीत एकवीस वर्षं पाहिलं. मी एका सहकारी बँकेत होते. तिथे एक शिपाई होता. त्याला नामदेव म्हणू. खरं नाव दुसरं आहे, आणि या लेखात त्याचं नाव बदलावं लागतंय यातला विनोद मलाही कळतो. तो पन्नाशीचा, घरात सुना आलेल्या. पण सगळं ऑफिस त्याला नाम्या म्हणायचं. परीक्षा देऊन नुकते लागलेले, तेवीस-चोवीस वर्षांचे क्लार्कसुद्धा पहिल्या आठवड्यात "नाम्या, दोन चहा" म्हणायला लागायचे. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि गरजही नव्हती. कुठल्या खुर्चीला साहेब लावायचं आणि कुठल्या स्टुलाला 'या' लावायचं, हे माणूस चहा यायच्या आत हेरतो. मॅनेजरांच्या नावाला कुणी 'या' लावला असेल तर तो जिन्यात, आवाज खाली करून. नाम्या मात्र भर काउंटरवर, गिऱ्हाइकांसमोर.

मस्टरवर सगळ्यांच्या सह्या म्हणजे कोंबडीनं पाय ओढल्यासारख्या. नामदेवची सही तेवढी वाचता यायची. स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, तिन्ही मोठ्या देवनागरी अक्षरांत, शिरोरेघ शेवटी एका दमात ओढलेली. सकाळी त्या सहीसाठी लोक त्याच्यामागे खोळंबायचे आणि "आटप रे नाम्या" म्हणायचे. टपाल वाटायचं काम त्याचंच होतं. पाकिटांवरची नावं वाचून त्याला ऑफिसातल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव पाठ झालेलं. त्या इमारतीत मला मंदाकिनीबाई म्हणणारा तो एकटा माणूस. बाकीच्यांसाठी मी मंदाबाई. १९८५ साली 'राम तेरी गंगा मैली' लागला तेव्हा मात्र चार महिने सगळ्यांना माझं पूर्ण नाव एकदम आठवलं. कसं आठवलं ते लिहीत नाही.

तो निवृत्त झाला त्या दिवशी शाल, नारळ, पेढे. मुख्य कचेरीतून आलेलं पत्र मॅनेजर वाचायला उभे राहिले. "श्री. नामदेव…" एवढं म्हणून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि हळू आवाजात शेजारच्याला विचारलं, "हे कोण?" सगळे हसले, नामदेवही हसला. आणि हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही: मीही त्याला एकवीस वर्षं नाम्याच म्हणत होते. मंदी टोचत होती ना? तरीही. पुढे तीन-चार वर्षांनी भाजी मंडईत तो पाठमोरा दिसला. मी "नामदेवराव" अशी हाक मारली. त्यानं वळून आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या मागे पाहिलं, कुणाला बोलावतेय म्हणून.

प्रेमानं म्हणतो, असं अण्णा म्हणतो तेव्हा मला तो मागे वळलेला माणूस आठवतो.

आणि हे बँकेपुरतं नाही. मुंबईतल्या सुखवस्तू घरांत घरगड्याचं नाव काहीही असो, त्याला 'रामा' म्हणायची पद्धत होती. रामा गडी हा शब्द त्यातूनच रुळला. माणूस बदलला तरी रामा तोच. त्याच्याही मागे जायचं तर मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावं कशी ठेवावीत याचा नियमच आहे: ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बलदर्शक, वैश्याचं धनाशी जोडलेलं आणि शूद्राचं निंदास्पद. आपल्या गावांत केरू, धोंडू, दगडू ही नावं दोन कारणांनी यायची. आधीची मुलं दगावली की मृत्यूची नजर लागू नये म्हणून आईबापांनी स्वतः ठेवलेली, हे एक. ती सगळ्या जातींत सापडतात. पण काही घरांना चांगलं नाव ठेवण्याची गावाची मुभाच नव्हती, आणि ठेवलंच तरी वेशीच्या आत शिरताना त्याला 'या' लागायचा, हे दुसरं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं आणि त्यातून दगडू मारुती पवार हा माणूस मराठी वाचकांसमोर उभा राहिला. लेखकाचं मूळ नाव दगडूच.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धर्मांतर झालं, आणि त्यानंतरच्या काळात घराघरातल्या पाळण्यांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा झोपू लागल्या. मिलिंद म्हणजे भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा. औरंगाबादला बाबासाहेबांनी १९५०मध्ये सुरू केलेलं महाविद्यालय त्याच नावानं ओळखलं जातं. ज्या बापानं आपल्या पोराचं नाव प्रश्न विचारणाऱ्या राजावरून ठेवलं, त्यानं त्यात काय काय घातलं असेल. आणि हे पोर वर्गात गेलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणतं, "ए मिल्या." म्हणणाऱ्याच्या मनात काही नसेलही. त्याचा पक्याही तसाच झालेला असतो. पण त्या दोन नावांमागचा रस्ता सारख्या लांबीचा नाही.

आखडत्या नावाचं हे दुखणं आपण संस्थांच्या बाबतीत बरोबर ओळखतो, ही त्यातली गंमत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव लांबवायची मागणी झाली तेव्हा विरोध करणारे काय म्हणत होते? नाव लांबलं की त्याची इंग्रजी आद्याक्षरं होतील आणि शिवाजी हा शब्दच तोंडातून जाईल, १९६२ साली नाव सुटसुटीत ठेवलं ते याच विचारानं. मुंबईच्या व्हीटीचं १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७मध्ये त्यात 'महाराज' आलं, आणि लोकलच्या दारात लटकलेला माणूस म्हणतो सीएसएमटी. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८चा, प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ला. मधल्या सोळा वर्षांत घरं जळली, माणसं गेली. आणि आता विद्यार्थी रिक्षावाल्याला सांगतात, बामूला चल. अण्णा यावर माझ्याइतकाच हळहळतो. दगडविटांच्या इमारतीचं नाव पूर्ण घ्या म्हणणारा माणूस हाडामांसाच्या बहिणीला विचारतो, हे काय मतदान केंद्र आहे?

बायकांच्या बाबतीत तर नाव हा प्रकारच उसना. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, घ्यायचं तर उखाण्यात लपवून, आणि स्वतःचं राहीलच याचा भरवसा नाही. माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि यांच्या हाती अंगठी देऊन त्यात 'माधुरी' असं लिहवून घेतलं. मला आधी विचारलं नव्हतं, यांनाही बहुधा नसेल. शेजारच्या मावशींनी वाकून बघितलं आणि "छान आहे हो" म्हणाल्या. पण माधुरी काही चाललं नाही. पंधरा दिवसांनी मामा भेटायला आला, दारातूनच "मंदे" म्हणून ओरडला, आणि सासरच्यांना ते तोंडात बसवायला सोपं वाटलं. मंदाकिनी माहेरनं कापली होती, माधुरी सासरनं टाकली, उरली मंदी. तांदूळ खिरीत गेले असावेत.

सोय, सोय म्हणतात त्या आखडत्या नावाची खरी सोय बघायची असेल तर निवृत्तीच्या वेळी कागद गोळा करा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गुरुजींनी लिहिलं होतं मंदा. रेशनकार्डावर सासऱ्यांनी हौसेनं माधुरी. बँकेत मंदाकिनी. गॅसच्या पुस्तकावर कुणी लिहिलं देव जाणे, 'मंदाकीणी'. खिडकीपलीकडच्या मुलीनं चारही कागद पत्त्यांसारखे पसरले आणि विचारलं, "आजी, यातल्या तुम्ही कोण?" मग स्टँपपेपर, नोटरी, प्रतिज्ञापत्र. मंदा, माधुरी व मंदाकिनी ही एकाच व्यक्तीची नावे असून ती व्यक्ती मीच आहे, असं मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून दिलं. 'मंदाकीणी'साठी वेगळा अर्ज. नोटरी म्हणाले, "खाली सही पूर्ण नावानं करा." एवढ्यासाठी इतकी वर्षं थांबले होते मी. आता तर १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव लिहायचं सरकारनं ठरवलंय. सरकार नाव लांबवायला लागलं, आणि आमचा अण्णा अजून कापतोय.

उरलेल्या दोन मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. मंदाकिनी म्हणायला जड जातं म्हणणाऱ्यांनी उपाहारगृहात साबुदाणावडा मागवताना कधी 'साब्या' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही, आणि तो सहा अक्षरी आहे. पूर्ण नाव आई रागावली की घेते, हे अण्णानं नातवाच्या इंग्रजी मालिकांतून उचललंय. मराठी आई रागावली की नाव लांबत नाही, आखडतं आणि शेवटी एकार लागतो. माझी आई लाडात मंदाकिनी म्हणायची, निजवताना, 'कि' लांबवून. रागावली की मंदे. म्हणजे अण्णानं पंगतीत मठ्ठा वाढताना मला मारलेली हाक ही माझ्या कानांना आयुष्यभर ओरडा खाल्ल्याची हाक आहे. तो म्हणतो प्रेम.

मी सगळ्यांना बंदी घातलेली नाही. शाळेतली एक मैत्रीण मला अजून मंदी म्हणते, आणि तिनं मंदाकिनी म्हटलं तर मला वाटेल आमचं भांडण झालंय. कारण मीही तिचं नाव तितकंच निर्दयपणे कापते. दोघींच्या हातात कात्री आहे. अण्णाच्या हातात आहे, माझ्या हातात नाही. नामदेवच्या तर हातात ट्रे होता.

हे सगळं मी अण्णाला पत्रानं कळवलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. उत्तर आलं नाही. परवा रात्री फोन वाजला. पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग एकेक अक्षर मोजून ठेवल्यासारखं, "मं-दा-कि-नी आहे का?"

"बोलतेय, अण्णा."

"हां. अगं मंदे, ऐक…"